जाळ्यावरची मीटिंग

मी आमच्या संस्थेच्या चेअरमनविरुद्ध सरकारकडे लेखी तक्रार केली, आणि ती करण्याआधी त्यांना एक शब्दही विचारला नाही. तक्रार खोटी नव्हती. चेअरमन संस्थेच्या जाळ्याला चाकूने भोकं पाडत होते आणि ते मी स्वतः पाहिलं होतं. तेव्हा माझं वय बावीस. त्या वयात डोळ्यांनी पाहिलं की आणखी काही कळून घ्यायचं शिल्लक राहिलंय असं वाटत नाही.

संस्था रापणकरांची. मालवणच्या खालच्या अंगाला, किनाऱ्यावरच्या एका गावातली. रापण म्हणजे ते लांबच लांब जाळं. होडीतून समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांनी किनाऱ्यावर ओढून घ्यायचं. साठ साल अजून लागायचं होतं, आमचा जिल्हा अजून रत्नागिरी होता, आणि गावोगाव सहकारी सोसायट्या निघत होत्या. मी मूळचा कसालच्या पलीकडचा, भात आणि काजूवाला. समुद्र मी जत्रेला जाता-येता लांबून बघितलेला. मॅट्रिक झाल्यावर सावंतवाडीला सहकाराचा वर्ग केला आणि या संस्थेवर सेक्रेटरी म्हणून नेमला गेलो. सेक्रेटरी म्हणजे झाडू मारण्यापासून पत्रं लिहिण्यापर्यंत सगळं करणारा एकमेव पगारी माणूस.

वर्गात मला सगळ्यात जास्त आवडलेला धडा मीटिंगचा. सात दिवसांची नोटीस, विषयपत्रिका, गणसंख्या, सूचक, अनुमोदक, इतिवृत्त. मला तो धडा तोंडपाठ होता आणि कधी एकदा मीटिंग भरते असं झालं होतं. गेल्या गेल्या मी दारावर नोटीस डकवली. रविवारी सकाळी दहा वाजता. रविवारी मी आंघोळ करून, भांग पाडून, कोरं रजिस्टर उघडून बसलो. दहाचे साडेअकरा झाले, कोणी फिरकलं नाही. पेज पिण्याच्या वेळेला चेअरमन दारात उभे राहिले.

त्यांचं पहिलं दर्शन ते असं उन्हाला पाठ करून. साठी उलटलेली. एके काळी मंगळूरपर्यंत गलबत नेणारे तांडेल, पुढे गुडघा गेला म्हणून किनाऱ्यावर आले आणि रापणीचे तांडेल झाले. कमरेला कोळ्यांचा तिकोनी रुमाल, अंगात काळा कोट, मधे दुसरं काही नाही. कोट ते फक्त संस्थेच्या कामाला घालत. उजव्या खिशात जाळं विणायची बांबूची सुई आणि सुताची लड, डाव्या खिशात संस्थेचा रबरी शिक्का. शिक्का त्यांनी कधीच माझ्या ताब्यात दिला नाही. त्यामुळे आमच्या प्रत्येक पत्राला बांगड्याचा वास असायचा, आणि तालुक्याच्या कचेरीतले लोक म्हणे पाकीट न फोडताच ते कुणाचं ते सांगत.

मी म्हटलं, मीटिंगला कोणीच आलं नाही.

"मीटिंग झाली," ते म्हणाले. "सगळे होते. तू खंय होतस?"

मग मला त्यांची मीटिंग बघायला मिळाली. रापण ओढून झाली, वाटे झाले, बायका टोपल्या घेऊन गेल्या, की जाळं वाळूवर पसरत. फाटलेला भाग ओढून उंडीच्या झाडाच्या सावलीत घेत. वीस-बावीस माणसं त्याच्या भोवती बसत आणि शिवायला लागत. हीच मीटिंग. अध्यक्षस्थान नाही, कोणी कोणासमोर नाही. सगळ्यांच्या माना खाली, नजर जाळ्याच्या घरांवर. भोक बुजलं की सभा संपली, मग विषय संपलेला असो वा नसो. आणि भोक बुजलं नसेल तर विषय संपल्यावरही कोणी उठत नसे, त्यामुळे संपलेला विषय पुन्हा उघडला जाई. त्यातून कधी कधी अगदी वेगळंच निघे.

चेअरमन विषय कधी मांडत नसत. ते काहीतरी उघड चुकीचं बोलत आणि गप्प बसत. एकदा म्हणाले, यंदा होडीला तेल लावायची काही गरज नाही. मी नवा. मला वाटलं, म्हाताऱ्याला कळत नाही. मी जुनी खर्चाची वही उघडून मागच्या वर्षी तेल केव्हा लावलं ते वाचून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्या नजरेने आमच्याकडे लोक वाट चुकून दुसऱ्याच्या गोठ्यात शिरलेल्या वासराकडे बघतात. मी वही मिटल्यावर कोणीतरी मान न उचलता म्हणालं, "म्हाताऱ्याक खुळ लागला." मग दुसरा बोलला, तिसरा बोलला, आणि होडीच्या तळाला एक फळी कुजलीय ही गोष्ट, जी त्यातल्या चौघांना पावसाळ्यापासून ठाऊक होती आणि एकमेकांवर येईल म्हणून कोणी बोलत नव्हतं, ती बाहेर आली.

मी त्यांना एकदा विचारलं, नीट खुर्च्या मांडून, समोरासमोर बसून का बोलू नये. त्यांनी सुईत सूत भरता भरता उत्तर दिलं.

"माणूस माणसाकडे बघून बोललो की खोटा बोलता. जाळ्याकडे बघून खोटा बोलाचा कोणाक?"

आणि हात वर करून मत देण्याबद्दल त्यांचं म्हणणं असं होतं की मोकळा हात आपोआपच वर जातो, त्याला विचारायची गरज नसते. पुढे मी सहकार खात्यात शिरलो, हिरव्या बनातीच्या टेबलांभोवती आयुष्याचे कितीतरी तास बसलो आणि असे आपोआप वर गेलेले शेकडो हात बघितले. त्यातला एक माझाही असायचा. पण ते पुढचं.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. रापणीत दोघे सख्खे भाऊ होते. थोरल्याच्या अंगणात वाकलेल्या एका माडावरून दीड वर्ष एकमेकांशी बोलत नव्हते. रापण ओढताना थोरला उत्तरेच्या दोरावर तर धाकटा दक्षिणेच्या. एके दिवशी जाळ्याला दाराएवढं भोक निघालं. चेअरमननी थोरल्याला एका बाजूला बसवलं, धाकट्याला बरोब्बर समोरच्या बाजूला, आणि बाकीच्यांना लांबची बारीकसारीक घरं दिली. दोघे शिवत शिवत मधे येऊ लागले. बोटं बोटांना लागायची वेळ आली आणि धाकट्याचं सूत संपलं. त्याने हात थांबवला. आजूबाजूच्या सगळ्यांचे हात मंद झाले. थोरल्याने आपलं सूत दाताने तोडलं आणि ते भावाच्या हातात न देता जाळ्यावर ठेवलं. धाकट्याने ते उचललं, ओढून बघितलं.

"सूत कुजका आसा," तो म्हणाला.

"तुझ्या बापाशीनच आणलेला," थोरला म्हणाला.

सगळे हसले. चेअरमन हसले नाहीत. त्यानंतर तासभर त्या माडावरून जे भांडण झालं तसं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आजोबांपर्यंतची माणसं वर काढली गेली. सगळ्यांनी आपापलं मत दिलं, काठावर मासळी निवडत बसलेल्या काकीने तर दोन्ही बाजूंना शिव्या दिल्या. ही काकी संस्थेची सभासद नव्हती. मासळीची पाटी घेऊन मालवणच्या बाजाराला जाणारी ही म्हातारी होती, आणि तिला काही वाटलं तर ते ऐकल्याशिवाय कोणतीही गोष्ट ठरत नसे. भांडण संपलं, नारळ वाटून घ्यायचे ठरले, भोक बुजलं. मी चेअरमनना विचारलं, इतिवृत्तात काय लिहू?

"लिही, जाळा शिवला."

माझ्या रजिस्टरात त्या काळातली चौदा इतिवृत्तं आहेत आणि चौदांतही एवढंच आहे.

आता माझा मोठेपणा. त्या दाराएवढ्या भोकाच्या कडा मी बघितल्या होत्या. तोवर मला एवढं कळायला लागलं होतं की खडकाला अडकून फाटलेल्या जाळ्याचे धागे केसांसारखे पिंजलेले असतात, आणि मोरी माशाने दात मारला तर कडा ओढलेल्या असतात. या कडा सरळ होत्या, न्हाव्याने कापल्यासारख्या. मी लक्ष ठेवू लागलो. शनिवारी संध्याकाळी धड असलेलं जाळं सोमवारी फाटलेलं निघे. गावात काही कुरबूर असली की भोकं हमखास, सगळं सुरळीत असलं की आठ-आठ दिवस एक घरही तुटत नसे. मी तर्क लढवला. शेजारच्या गावातल्या रापणीचं हे काम. आपल्यात फूट पडली की ते साधतात. हा तर्क मी काकीला सांगितला. तिने निवडायची मासळी बाजूला ठेवून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "शोध, शोध." मला ते उत्तेजन वाटलं.

भर दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, मी उलट्या घातलेल्या होडीच्या आड जाऊन बसलो. तीन दिवस बसलो. पाठ भाजून निघाली. चौथ्या दिवशी वाळूवरून चेअरमन आले. अंगात कोट. मला वाटलं, हेही पहाऱ्यालाच आले. ते जाळ्याजवळ बसले, ते हातांनी पसरून सारखं केलं, एक जागा निवडली, ती नको वाटून दुसरी निवडली. वीतभर मोजलं, थोडा विचार केला, आणखी दोन बोटं वाढवली. मग चाकू काढून, नखं कापावीत तितक्या जपून, एकेक घर तोडलं. तोडून झाल्यावर बाजूला सरून, मान कलती करून बघितलं. मग कोट झटकून गेले.

मला कुतूहल वाटायला हवं होतं. त्याआधीचे तीन आठवडे मला दुसरं काही वाटत नव्हतं. पण नेमकं त्या क्षणी ते संपलं आणि त्याच्या जागी सावंतवाडीचा वर्ग उभा राहिला. मी खोलीवर जाऊन कागद घेतला. "सदरहू इसम संस्थेच्या सर्वोच्च पदावर असूनही संस्थेच्या जंगम मालमत्तेचा हेतुपुरस्सर नाश करीत असल्याचे प्रत्यक्ष निदर्शनास आले असून" अशी सुरुवात होती. वाक्य इतकं जमलं की ते सरकारी फायलीत गेलंच पाहिजे असं मला वाटलं. विचारायला का गेलो नाही याचं खरं कारण तेच. विचारलं असतं तर कदाचित वाक्य वाया गेलं असतं.

अडचण एकच होती, शिक्का. बिनशिक्क्याचं पत्र कचेरीत घेत नसत, आणि शिक्का डाव्या खिशात. मी पत्राची घडी करून, फक्त खालची सही दिसेल असं धरून त्यांच्यापुढे केलं. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी वाचलं नाही. सेक्रेटरीने लिहिलेलं वाचून बघणं म्हणजे सेक्रेटरीचा अपमान, असं ते मानत. त्यांनी शिक्क्यावर फुंकर मारली आणि स्वतःविरुद्धच्या तक्रारीवर तो ठळक उठवला.

तीन आठवड्यांनी चौकशीला साहेब आले. तरुण होते, सज्जन होते, एस.टी.तून उतरून बूट हातात घेऊन वाळूतून चालत आले. चौकशी शाळेच्या खोलीत ठेवली होती. बावीस रापणकर पोरांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून, हात मांडीवर ठेवून बसले. साहेबांनी माझं पत्र वाचलं. माझं वाक्य मी प्रथमच दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो, आणि ऐकता ऐकता ते कुणा भलत्याच माणसाबद्दल लिहिल्यासारखं वाटायला लागलं.

"हे खरं आहे का?" साहेबांनी चेअरमनना विचारलं.

"होय."

"का पाडलीत भोकं?"

चेअरमन भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर भारताचा नकाशा होता की मुंबई राज्याचा, मला आठवत नाही. पण त्यात त्यांना शिवण्यासारखं काही सापडत नव्हतं एवढं खरं. साहेबांनी बाकांकडे वळून विचारलं, कोणाला चेअरमनच्या बाजूने काही सांगायचंय? कोणी मान वर केली नाही. विरुद्ध काही? तेही नाही. साहेब म्हणाले, मग मला नाइलाजाने त्यांना पदावरून दूर करावं लागेल, कोणाची हरकत? ज्या माणसाने त्यातल्या निम्म्या लोकांची घरं फुटता फुटता धरली होती, तो समोर उभा होता. बावीस जण आपापल्या रिकाम्या तळव्यांकडे बघत होते. साहेबांनी लिहिलं, हरकत नाही.

चेअरमननी डावा खिसा उलटा केला आणि शिक्का टेबलावर ठेवला.

साहेब म्हणाले, चहा झाला की कागद पुरा करतो, चारची गाडी गाठायचीय. म्हणजे माझ्याकडे एका चहाचा वेळ होता. त्या वेळात मला एवढंच सुचलं की हे लोक इथे बोलणार नाहीत, जाळ्यावर बोलतील, आणि आज जाळं धड आहे. मी मागच्या दाराने पळत सुटलो. संध्याकाळी रापण टाकायची म्हणून जाळं घड्या घालून, होडीत चढवायला तयार ठेवलेलं होतं. शेजारी काकी मासळी कापत होती. मी तिच्या हातातली सुरी घेतली आणि जाळ्यात खुपसून खाली ओढली.

समुद्राकाठच्या कुठल्याही माणसाला जे सांगावं लागलं नसतं ते माझ्या ध्यानात आलं नाही. घड्या घातलेल्या जाळ्याला एक घाव म्हणजे एक भोक नव्हे. काकीने अशी काही आरोळी ठोकली की अख्खी शाळा वाळूवर आली, मागून साहेब, एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात कपबशी. घड्या उलगडल्या. एक भोक निघालं, दुसरं निघालं, पुढे मी मोजायचं सोडलं. बोलायला कोणाला सवड नव्हती. संध्याकाळच्या आत जाळं पाण्यात पडायचं होतं. सगळे बसले आणि सुया निघाल्या.

साहेब उन्हात तसेच उभे होते. काकी त्यांना म्हणाली, "बस रे बाबा. ह्या टोक धर." ते बसले आणि त्यांनी टोक धरलं. त्यांची नजर आपोआप खाली गेली.

पहिलं भोक बुजत आलं. मग थोरला भाऊ जाळ्याला उद्देशून म्हणाला, "म्हातारो भोका पाडता ता खरा. पण माप बघून पाडता."

"माझा नि ह्येचा वाजला तेवा चार बोटा पाडलेल्यान," पलीकडून कोणी म्हणालं.

"आमच्या येळाक दरवाजो," धाकटा म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. "म्हणजे हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

"ह्येका सोडून," थोरल्याने सुईने माझ्याकडे दाखवलं.

मग दोर सुटल्यासारखं झालं. त्यांच्या बाजूने बोलले तसे विरुद्धही बोलले, ते तिथेच बसलेले असताना, ते नसल्यासारखे. हल्ली म्हातारा वाकडं कापतो. मुद्दाम नको त्या माणसाशेजारी बसवतो. शुक्रवारी भोक पाडतो आणि बाजाराचा दिवस घालवतो. साहेबांनी विचारलं, मग भोक न पाडताच आठवड्यातून एकदा बसत का नाही? धाकट्याला ते एकदम पटलं. तो म्हणाला, खरंच, तसं करूया. थोरल्याने विचारलं, "तू येशीत?" धाकट्याने हातातलं घर पुरं केलं, गाठ मारली, प्रामाणिकपणे विचार केला.

"नाय," तो म्हणाला.

चारची गाडी गेली, तिचा धुरळा लांबून दिसला. साहेबांनी खिशातून तो कागद काढला, फाडला आणि मला दुसरा घ्यायला सांगितला. गुडघ्यावर धरून मी तो लिहिला. संस्थेच्या जाळ्यांची नियतकालिक तपासणी चेअरमन स्वतः करतात व दुरुस्ती सर्व सभासदांच्या उपस्थितीत होते. तक्रार निकाली. मी शाळेत जाऊन शिक्का आणला आणि साहेबांनी तो चेअरमनच्या हातात ठेवला. या खेपेला त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मग शिक्का मारला.

ऊन कललं होतं तरी निम्मी भोकं तशीच उघडी होती. त्या दिवशी रापण टाकता आली नाही. त्या मोसमात तशी ती पहिलीच वेळ. मी चेअरमनपाशी जाऊन बसलो. इतके महिने मी त्यांच्याशी पुस्तकी मराठीत बोलत होतो, ती कुठे गेली कोण जाणे. म्हटलं, "माझा चुकला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. जाळं हाताखालून सरकवत ते शेवटपर्यंत गेले, ओठ हलवत, एकेक भोक चाचपत.

"आठ," ते म्हणाले. "मेल्या, गावात सध्या तीनच भांडणा आसत. बाकीची पाच आता तू लावन दी."